मोटारीच्या कमानी आणि एक लोखंडी दांडा



जुन्या अमेरिकन मोटारीच्या कमानी, हा विषय आम्ही कळविला तेव्हा व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मोठ्या सौजन्याने पुन्हा एकदा विचारणा केली, की हा विषय इतिहासाच्या सदरात घालावयाचा की यंत्रविद्येच्या? आम्ही सांगितले, इतिहासाच्याच घाला. लढाया, तह आणि सनदा ह्यांचाच तेवढा इतिहास असतो अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे. वास्तविक ज्या वस्तूंवर बसून माणसे रोज ये-जा करतात त्यांनाही इतिहास असतो, आणि त्यात लोभ, शहाणपण, हट्ट, पश्चात्ताप हे सारे काही सापडते. आज आम्ही जी हकीकत सांगणार आहो ती एका लोखंडी दांड्याची आहे. दांडा अंगठ्याहून फारसा जाड नाही. परंतु तो एका मोटारीला वेळेवर बसविला गेला नाही, आणि त्यावरून अमेरिकेत कोर्टकचेऱ्या झाल्या, सिनेटपुढे साक्षी झाल्या आणि अखेर देशाचा कायदा बदलला.

तेथवर पोहोचण्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल. बैलगाडीत ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना कमान म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. तिचा अभाव त्यांच्या पाठीला ठाऊक असतो. बैलगाडीचा आंस आणि साटी एकमेकांना घट्ट बांधलेली. चाक दगडावर चढले की साटी चढते आणि साटीबरोबर आपणही चढतो. टांग्यात तसे होत नाही, कारण आंस आणि बैठक ह्यांच्यामध्ये पोलादी पाट्यांची कमान असते. चाक वर येते, कमान दबते, आणि बसणाऱ्यापर्यंत धक्का पोहोचतो तो अर्धामुर्धा. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ओबाडाया इलियट नावाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने एकमेकांवर पाटे रचून केलेल्या लंबगोल कमानीचे पेटंट घेतले. पुढे मोटार आली तेव्हा तिने घोडा तेवढा सोडला. कमान मात्र घोडागाडीचीच ठेवली.

फोर्डसाहेबांची सुप्रसिद्ध 'मॉडेल टी' १९०८ साली निघाली. तिला पुढे एक आणि मागे एक अशा दोनच आडव्या कमानी होत्या. शेतावरच्या वाटेवर, खड्ड्याखळग्यांत, चिखलात ही रचना झकास चालली. पण हेन्री फोर्ड हा गृहस्थ एकदा एखादी गोष्ट मनाला पटली की ती सोडणारा नव्हता. १९२७ साली 'मॉडेल टी' बंद झाली. आडव्या कमानी काही बंद झाल्या नाहीत. १९४८ सालापर्यंत फोर्डच्या गाड्यांना पुढे अखंड आंस आणि त्यावर आडवी कमान होती. म्हाताऱ्याने १९४७ साली डोळे मिटले, आणि १९४९ च्या नमुन्यात फोर्डच्या गाडीची पुढची दोन चाके प्रथमच एकमेकांपासून मोकळी झाली. प्रतिस्पर्ध्यांनी ही गोष्ट पंधरा वर्षे आधी केली होती. ती कशी केली ही कथा मोठी रम्य आहे, म्हणून तेथे थोडे रेंगाळू.

मॉरिस ऑली नावाचा एक इंग्रज इंजिनियर होता. तो मूळ रोल्स-रॉइसचा माणूस. १९३० च्या नोव्हेंबरात तो जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात आला. रोल्स-रॉइसमध्ये त्याने एक गोष्ट पाहिलेली होती. आपली गाडी इंग्लंडच्या रस्त्यावर सुखकर वाटते आणि परदेशच्या रस्त्यावर तीच आदळते, ह्याचे कारण शोधण्यासाठी तेथील मंडळी आख्खी मोटार छताला टांगून झुलवीत आणि तिचे वजन कोठे कसे पसरले आहे ते मोजीत. ऑलीने हाच उद्योग अमेरिकेत मांडला. १९३२ साली त्याने एक लांबलचक लिमोझिन घेतली. तिच्यावर पुढेमागे सरकविता येतील अशी वजने लावली, आणि पुढच्या-मागच्या कमानी भराभर बदलता येतील अशी सोय केली. बैठकीचे सुख मोजण्याचे यंत्र त्या वेळी नव्हते. म्हणून हे इंजिनियर स्वतःच त्या गाडीत बसून फिरत, एकेक वजन सरकवीत, एकेक कमान बदलीत, आणि आपल्याला कोणत्या वेळी बरे वाटते एवढेच स्वतःला विचारीत. प्रयोगशाळेतील उपकरण म्हणजे ह्या शहाण्या लोकांची पाठ!

आणि त्या पाठीने एक विलक्षण गोष्ट सांगितली. तोपर्यंत सर्वांचा शिरस्ता असा, की पुढच्या कमानी ताठ आणि मागच्या मऊ. कारण मालक मागे बसतो. ऑलीच्या प्रयोगात पुढच्या कमानी मागच्यांहून मऊ केल्या तेव्हा गाडीचे पुढे-मागे डुचमळणे थांबले आणि ती सपाट तरंगल्यासारखी चालू लागली. कारण सोपे आहे, पण आधी कोणाच्या डोक्यात उतरले नव्हते. रस्त्यावरचा उंचवटा पुढच्या चाकाला आधी लागतो, मागच्याला क्षणभराने. मागची कमान थोडी ताठ असेल तर तिचे हेलकावे जलद होतात. ती मागून येऊन पुढच्या हेलकाव्याला गाठते आणि दोन्ही टोके एकदमच वर-खाली होतात. उलट असेल तर एक टोक वर तर दुसरे खाली, म्हणजे मुलांच्या खेळातील फळी. मागे बसलेल्या मालकाच्या सुखासाठी पुढची कमान मऊ करावयाची, ही उलटी वाटणारी गोष्ट खरी ठरली.

पण लगेच नवी अडचण उभी राहिली. अखंड आंसाखाली मऊ कमान घातली की पुढची चाके थरथरू लागत आणि सुकाणू हातात कापू लागे. तेव्हा आंसच तोडला पाहिजे, प्रत्येक चाकाला आपापल्या दांड्यांवर स्वतंत्र लोंबकळू दिले पाहिजे, ह्या निष्कर्षावर मंडळी आली. १९३३ च्या मार्च महिन्यात दोन प्रायोगिक गाड्या कंपनीच्या वरिष्ठ मंडळींना फिरवून दाखविण्यात आल्या. मार्च १९३३ म्हणजे काय दिवस होते ते लक्षात घ्या. अमेरिकेतील बँकांना टाळी लागलेली, बेकारांच्या रांगा लागलेल्या. अशा वेळी लाखो डॉलर खर्चून नवी यंत्रे घ्यावयाची की नाही? कंपनीचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग ह्यांचे म्हणणे असे पडले, की हे न करणेच आपल्याला परवडणार नाही. ही हकीकत कंपनीचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन ह्यांच्या आत्मवृत्तात आली आहे, आणि त्यातला पुढचा प्रसंग तर लक्षात ठेवण्याजोगा आहे. शेवरोलेसारख्या स्वस्त आणि खपाच्या गाडीसाठी लागणाऱ्या वेटोळ्या स्प्रिंगांची तार घासण्याइतकी यंत्रेच देशात नव्हती, म्हणून शेवरोलेने थांबावे असे काहींचे मत होते. परंतु शेवरोलेचे प्रमुख विल्यम नुडसेन मागे राहावयास तयार होईनात. अखेर शेवरोले आणि पाँटियाक ह्यांना द्युबोने ह्या फ्रेंच संशोधकाची रचना मिळाली, आणि कॅडिलॅक, ब्युइक, ओल्ड्समोबिल ह्यांना दोन त्रिकोणी दांड्यांची. १९३४ साली ह्या गाड्या बाजारात आल्या. जाहिरातीत तिला 'गुडघ्याची चाल' म्हणत. द्युबोनेची रचना फार टिकली नाही. त्रिकोणी दांड्यांची मात्र टिकली, आणि पुढे अनेक दशके बहुतेक अमेरिकन मोटारींच्या पुढच्या चाकांखाली हीच रचना राहिली.

नुडसेन हे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन मोटारी आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिलेल्या आहेत. सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांच्या प्रीमिअर कंपनीने १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो आणि प्लिमथ ह्या गाड्या जोडून विकल्या. आमच्या मामांकडे अशीच एक प्लिमथ होती. ती आमच्यापेक्षा वयाने मोठी. तिची गादी सोफ्यासारखी, आणि चाल अशी की पुणे-सातारा प्रवासात आम्ही मुले निम्म्या वाटेवर झोपलेलो असू. मऊपणाबद्दल ह्या गाड्यांना पुष्कळ नावे ठेवली जातात; वळणावर बोटीसारख्या कलतात, ब्रेक लावला की नाक खाली घालतात, असे म्हणतात. ते खोटे नाही. परंतु तो अडाणीपणा नव्हता, ती निवड होती. सरळ, लांबच लांब रस्ते, ताशी साठ-सत्तर मैलांचा वेग, आणि दिवसाला चारशे मैल जावयाचे, ह्यासाठी केलेली ती योजना होती. ऑलीने शिकविलेला पुढच्या-मागच्या कमानींचा हिशेब त्यात नीट सांभाळलेला असे.

हा हिशेब मोडला की काय होते ते आम्ही मामांच्याच गाडीत पाहिले. लग्नाच्या हंगामात त्या प्लिमथमध्ये नऊ-नऊ माणसे बसत आणि मागे सामान. गाडीची मागची बाजू बसली. मामांनी मिस्त्रीला बोलावले. मिस्त्री हुशार होता, हात चांगला होता. त्याने मागच्या दोन्ही कमानींत एकेक जादा पाटा चढविला.

"आता हत्ती बसवा, मामासाहेब," तो म्हणाला, "पाटा दबायचा नाही."

पाटा दबला नाही हे खरेच. पण पहिल्याच पावसात, घाटात, गाडीत मामा एकटेच असताना, एका उतरत्या वळणावर गाडीचे शेपूट बाहेर फेकले गेले आणि मागचा मडगार्ड कठड्यावर चेपला. मामांना काही लागले नाही. गावात मात्र दोष मामांच्या चालविण्याला गेला, ओल्या रस्त्याला गेला, टायरांना गेला. पाट्याला कोणी बोल लावला नाही. पुष्कळ वर्षांनी आम्ही हा विषय वाचावयास घेतला तेव्हा आम्हांला कारण उमगले. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, आणि हे कलणे पुढच्या व मागच्या कमानींनी मिळून आवरावयाचे असते. ज्या बाजूची कमान अधिक ताठ, तिच्याकडे ह्या कामाचा अधिक वाटा जातो. तिच्या बाहेरच्या चाकावर अधिक भार पडतो, आणि तेच चाक आधी घसरते. पुढची चाके आधी घसरली तर गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. चालक घाबरतो, वेग कमी करतो, आणि बहुधा निभावते. मागची आधी घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते, आणि मग सामान्य चालकाच्या हाती काही राहत नाही. मिस्त्रीने कमान बळकट केली होती, आणि तेवढ्याच प्रमाणात गाडी दुबळी केली होती.

आता दांड्याकडे येऊ. गाडी वळणावर कलू नये म्हणून कमान ताठ केली तर बैठकीचे सुख जाते. ह्यावर तोड म्हणून एक पोलादी दांडा आडवा घालतात आणि त्याची टोके डाव्या व उजव्या चाकाच्या दांड्यांना जोडतात. दोन्ही चाके एकदम वर आली तर हा दांडा नुसता फिरतो, काही अडवीत नाही. परंतु एक चाक वर आणि दुसरे खाली जाऊ लागले, म्हणजे गाडी कलू लागली, की त्याला पीळ बसतो आणि तो कलण्याला विरोध करतो. गॅरेजमध्ये त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. तो पुढे घातला की वळणाचा भार पुढच्या चाकांकडे जातो आणि मागची चाके जागेवर राहतात. थोड्या खर्चात एवढा गुण देणारी दुसरी वस्तू मोटारीत क्वचितच असेल.

१९५९ च्या ऑक्टोबरात शेवरोलेने 'कॉरव्हेअर' ही गाडी बाजारात आणली. पहिल्याने निघाली ती चार दारांची सेदानच. तिचा जनक एड कोल हा मोठा कल्पक इंजिनियर. 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र झळकले. युरोपातील छोट्या गाड्या, विशेषतः जर्मनीची फोल्क्सवॅगन, अमेरिकेत खपू लागल्या होत्या. त्यांना उत्तर म्हणून ही गाडी. इंजिन मागे, हवेने थंड होणारे, आणि चारही चाके स्वतंत्र. अमेरिकेला हे सारे नवे होते. गाडीच्या वजनाचा शेकडा साठाहून अधिक भाग मागच्या चाकांवर होता, आणि मागची चाके ज्या आंसांवर बसविली होती त्यांना फक्त आतल्या बाजूला, डिफरन्शियलपाशी, सांधा होता. पक्ष्याचे पंख डोळ्यांसमोर आणा. पंख खांद्याशी वर-खाली होतो आणि त्याचे टोक त्याबरोबर कलते. तसे ह्या गाडीचे चाक वर-खाली होताना कलत असे. जोराच्या वळणावर गाडीची मागची बाजू उचलली जाई, पंख खाली दुमडत, आणि चाके आतल्या बाजूला मुडपून टायरच्या कडेवर उभी राहत. मग पकड सुटे, आणि कधी कधी गाडी उलटे.

हे आधी कोणाला कळले नव्हते काय? येथे इतिहासाचा विद्यार्थी क्षणभर थबकतो. १९५३ साली युरोपातील युद्धोत्तर गाड्यांवर एक निबंध वाचला गेला. मागे इंजिन आणि असे पंखासारखे आंस असलेल्या गाड्या हा तोट्याचा सौदा आहे, पुढच्या-मागच्या टायरांत हवेचा दाब वेगवेगळा ठेवला तरी मध्यम वेगात, वाऱ्यातसुद्धा त्या सुरक्षितपणे आवरत नाहीत, असा त्याचा आशय होता. १९५६ साली एका पेटंटाच्या अर्जात पुन्हा तेच लिहिले गेले: अशा आंसांची गाडी जोराच्या वळणावर मागून उचलली जाते आणि उलटू पाहते. निबंध आणि अर्ज दोन्हींचा कर्ता एकच, मॉरिस ऑली. छताला मोटारी टांगणारा, पाठीने कमानी मोजणारा तोच ऑली. आणि तो त्या वेळी कोठे होता? ह्या दशकाच्या पूर्वार्धात तो शेवरोलेमध्येच होता. १९५३ च्या पहिल्या कॉरव्हेटचा सांगाडा त्याच्याच देखरेखीखाली आखला गेला. म्हणजे कॉरव्हेअर ज्या घरात जन्मली त्याच घरातल्या जाणत्या वडीलमाणसाने तिच्या जातीचा दोष लिहून ठेवलेला होता.

कोलला तो ठाऊक नव्हता असे मानणे कठीण आहे. दोष सावरण्यासाठी कंपनीने जी युक्ती योजली तीच मुळी हे सांगते. पुढच्या टायरांत १५ पौंड हवा आणि मागच्यांत २६ पौंड, असा थंड टायरांचा दाब मालकाच्या पुस्तिकेत छापलेला होता. पुढचे टायर मऊ ठेवले की ते आधी घसरतात आणि मागचे बचावतात. हिशेब बरोबर होता. पण सुरक्षितता ठेवली कोठे, तर पेट्रोलपंपावरच्या पोऱ्याच्या हातात! चारही चाकांत सारखी हवा भरण्याची त्याची जन्माची सवय. पुस्तिका गाडीच्या खणात, आणि खणात काय काय असते हे आपणा सर्वांना माहीत आहे. दांडा मात्र बसविला नाही. गंमत अशी, की ज्या फोल्क्सवॅगनला उत्तर म्हणून कॉरव्हेअर निघाली तिलाही मागे पंखासारखेच आंस होते. आणि तिच्या कारखान्याने १९६० च्या नमुन्यापासून पुढे दांडा घालण्यास सुरुवात केली. गाडी हलकी, इंजिन चिमुकले, तरी घातला.

१९६१ च्या अखेरीस शेवरोलेच्या प्रमुखपदी नवे गृहस्थ आले. त्यांचे नाव सेमन नुडसेन. १९३३ साली शेवरोलेला मागे राहू देण्यास जे तयार नव्हते त्या विल्यम नुडसेन ह्यांचे हे चिरंजीव. १९७९ साली जॉन डेलोरियन ह्या त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या अधिकाऱ्याच्या आठवणींचे पुस्तक निघाले. त्यात असे सांगितले आहे की नुडसेन ह्यांनी कॉरव्हेअर सावरणारा दांडा घालण्याची परवानगी वर मागितली. खर्च गाडीमागे सुमारे १५ डॉलर होता. वरून नकार आला, कारण खर्च फार. आणि शेवटी राजीनाम्याची भाषा करावी लागली तेव्हा कोठे परवानगी मिळाली. कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांच्या घरची तरुण मंडळीही ह्या गाडीत जायबंदी झाली, एकाने तर प्राण गमावला, असेही त्या पुस्तकात आहे. रागावून नोकरी सोडलेल्या माणसाचे कथन जपून घ्यावे हे आम्ही जाणतो. परंतु तारखा त्याच्या बाजूने बोलतात. १९६४ च्या नमुन्यात पुढे दांडा आला, आणि मागे एक आडवी कमानही आली, फोर्डसाहेबांच्या कमानीची दूरची नातलग. तिने मागच्या भाराचा काही वाटा उचलला, पण ती कलण्याला विरोध करीत नसे, त्यामुळे पंख मुडपणे कमी झाले. १९६५ साली पंखांची रचनाच काढून टाकली आणि प्रत्येक मागच्या आंसाला दोन-दोन सांधे दिले. त्या गाडीच्या चालीची स्तुती जाणकारांनी एकमुखाने केली.

तोपर्यंत १९६० ते १९६३ ह्या चार सालांच्या दहा लाखांहून अधिक कॉरव्हेअर रस्त्यावर होत्या. त्यांचे काय? त्यांना दांडा बसवून देण्यासाठी कंपनीने परत बोलावले नाही. उलट १९६२ पासून जादा पैसे मोजणाऱ्यास एक संच मिळू लागला होता: ताठ स्प्रिंगा, पुढचा दांडा, आणि मागचे आंस फार खाली जाऊ नयेत म्हणून पट्टे. तो बहुधा जोराने गाडी हाकण्याचा शौक असलेल्यांनी घेतला. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड गावची एक छोटी कंपनी मागे लावावयाची एक आडवी कमान विकत असे, आणि तिच्या जाहिरातीत हा दोष स्पष्ट सांगितलेला असे. जॉन फिच हा शर्यतीतला नामांकित चालक कनेक्टिकटमध्ये ह्या गाड्या सुधारून देई. म्हणजे ज्याला दोष कळत होता त्याला औषध बाजारात मिळत होते. ज्याला कळत नव्हता, घरातली बाई मुलांना शाळेत सोडून येणारी, कारकून कचेरीला जाणारा, त्याला दोष आहे हेच कोणी सांगत नव्हते. आमच्या मते ह्या साऱ्या प्रकरणातील नैतिक प्रश्न एवढाच आहे, आणि तो कायद्याच्या प्रश्नाहून मोठा आहे.

कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा गावात १९६१ साली एका बाईंची कॉरव्हेअर उलटली आणि त्यांचा एक हात गेला. खटला चालू असतानाच १९६४ साली कंपनीने त्यांना ७०,००० डॉलर देऊन तो मिटविला. असे शंभराहून अधिक खटले देशभर उभे राहिले. राल्फ नाडर नावाच्या एका तरुण वकिलाने हे कागद चाळले आणि १९६५ च्या नोव्हेंबरात 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे पहिले प्रकरण कॉरव्हेअरवर आहे. ऑलीचा निबंध आणि पेटंटाचा अर्ज जगापुढे आले ते ह्याच प्रकरणातून. कंपनीने उत्तर देण्याऐवजी नाडरच्या मागे गुप्तहेर लावले, आणि ते उघडकीस आले. १९६६ च्या मार्च महिन्यात अध्यक्ष जेम्स रोश ह्यांना सिनेटच्या समितीपुढे जाहीर क्षमा मागावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात अध्यक्ष जॉन्सन ह्यांनी मोटारींच्या सुरक्षिततेच्या कायद्यावर सही केली. दांडा न घालण्यात वाचविलेले पैसे कोणी मोजले असतील तर त्याने ह्या खर्चाशी ते ताडून पाहावे.

आता दुसरी बाजू. १९७२ साली अमेरिकन सरकारच्या वाहन-सुरक्षा खात्याने १९६३ ची कॉरव्हेअर आणि तिच्या काळातील फाल्कन, व्हॅलियंट, फोल्क्सवॅगन, रेनॉ ह्या गाड्या शेजारी शेजारी चालवून पाहिल्या, आणि ती त्यांच्याहून विशेष धोक्याची नाही असा निष्कर्ष काढला. कॉरव्हेअरचे चाहते आजही हा अहवाल पुढे करतात. नाडर ह्यांनी तो नाकारला. आम्हांला वाटते, अहवाल खोटा नसावा. त्या काळच्या सगळ्याच गाड्या जोराच्या वळणावर काही ना काही वेडे चाळे करीत. पण शेजाऱ्याचे घरही गळते म्हणून आपल्या गवंड्याला कौले न घालण्याची मोकळीक मिळत नाही. येथे कौले तयार होती, किंमत ठरलेली होती, आणि कोठे घालावयाची हेही घरातल्याच माणसाने सांगितलेले होते.

कॉरव्हेअरचे उत्पादन १९६९ साली थांबले. त्याच वर्षी तिच्या मालकांचे मंडळ स्थापन झाले, आणि ते अद्याप चालू आहे. ही मंडळी आज पन्नास-साठ वर्षांच्या गाड्यांखाली शिरून, कारखान्याने त्या वेळी जे केले नाही ते करीत असतात. त्यांच्या कामाची पद्धत आम्हांला फार आवडते, कारण तिच्यात आमच्या मामांच्या मिस्त्रीची घाई नाही. पहिल्याने नवे काहीच लावावयाचे नाही. रबरी बुश वाळून फुटलेले असतात ते बदलावयाचे, सुकाणूचे ढिले सांधे काढावयाचे, शॉकॲब्सॉर्बर तेल गाळून रिकामे झाले असतील तर नवे घालावयाचे, चाकांची ॲलाइनमेंट पुस्तिकेप्रमाणे करावयाची. पुष्कळदा गाडी एवढ्यानेच शहाण्यासारखी चालू लागते, आणि मग कळते की जिला आपण जुन्या रचनेचा दोष म्हणत होतो ती नुसती झीज होती. त्यानंतर पुढचा दांडा. त्यानंतर मागची आडवी कमान; काही जण तर १९६४ च्या गाडीचे मागचे सामानच मिळवून आपल्या गाडीस बसवितात. ताठ स्प्रिंगा सर्वांच्या शेवटी, आणि त्याही मागच्या एकट्या कधी नाही. पुढच्याशी हिशेब जुळवून. स्प्रिंगांची वेटोळी कापून गाडी खाली बसविण्याची जी एक तरुणांची आवड आहे तिच्याकडे हे जुने लोक कपाळाला आठ्या घालून पाहतात. कापलेली स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, ताठही होते, आणि शॉकॲब्सॉर्बर मात्र जुन्या मऊ स्प्रिंगेच्या मापाचाच राहतो.

आमच्या मामांनी पुढे तो जादा पाटा काढविला. पण तो घाटातल्या प्रसंगावरून नव्हे. मागे बसल्यावर मामींची कंबर दुखे, म्हणून काढविला. मिस्त्रीने नापसंतीने मान हलवीत काम केले, मागच्या कमानींच्या कड्यांतले झिजलेले बुशही त्याच खेपेस बदलले, आणि काढलेले दोन्ही पाटे आपल्याकडे ठेवून घेतले. पोलाद चांगले होते. एखाद्या ट्रकवाल्याला लागतील, असे तो म्हणाला.